मातृभाषेचा रकाना : पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय : उपनगरांतल्या बहुभाषक शाळांची जुनी जनरल रजिस्टरे आणि त्या शाळांचा इतिहास.

महोदय,


पूर्व उपनगरातल्या एका मोठ्या माध्यमिक शाळेत मी १९८४ ते २०१६ अशी बत्तीस वर्षे मराठी शिकवले. त्यातला बहुतेक काळ अमराठी मुलांना. पाठ्यपुस्तकाचे नाव ‘अक्षरभारती’ असले तरी शाळेत त्या विषयाला सगळे ‘लोअर मराठी’च म्हणत. शेवटची दोन वर्षे दाखल्यांच्या कामात क्लार्कला मदत करायचे काम माझ्याकडे आले. पासपोर्टसाठी, जात पडताळणीसाठी, कधी पेन्शनच्या कागदांसाठी जुने विद्यार्थी दुय्यम दाखला मागायला येत. मग कपाट उघडायचे, वर्ष विचारायचे आणि जनरल रजिस्टर काढायचे. आडवी, जाड, कापडी पाठीची ती वही दोन हातांनीच उचलावी लागते. एक नाव शोधायला म्हणून वही उघडायची आणि तासभर मिटता यायची नाही, असे माझे पुष्कळदा झाले.

आपल्याला ते रकाने ठाऊकच आहेत. रजिस्टर नंबर, नाव, धर्म आणि जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. दाखला लिहिताना आपण एक ओळ आडवी वाचतो. मी मात्र एके दिवशी मातृभाषेचा रकाना वरून खाली, उभा वाचत गेले. मराठी, मराठी, उर्दू, तमिळ, हिंदी, तेलुगू, उर्दू, कन्नड, मराठी, सिंधी, गुजराती, मल्याळी. शेजारचा जन्मस्थळाचा रकाना तसाच उभा वाचला. सालेम, आझमगड, जालना, गुलबर्गा, महबूबनगर, बस्ती, रत्नागिरी, तिरुनेलवेली आणि मधूनच तुर्भे किंवा माहूल, म्हणजे इथलीच कोळी आणि आगरी पोरे. त्या दिवसापासून मनात असलेली गोष्ट आज आपल्याला लिहिते आहे. आपल्या ताब्यात मुंबईच्या उपनगरांचा लिहिलेला इतिहास पडून आहे. त्याला इतिहास समजून कोणी अजून हात लावलेला नाही.

आमची शाळा कोणती, हे मुद्दामच लिहीत नाही. मला जे म्हणायचे आहे ते मानखुर्दपासून मालवणीपर्यंतच्या कितीतरी शाळांबद्दल खरे आहे. फाटक एक, मैदान एक, झेंड्याचा खांब एक आणि भिंतीवर पाट्या चार. सकाळच्या पाळीत मराठी आणि इंग्रजी, दुपारच्या पाळीत उर्दू आणि हिंदी. तमिळ आणि तेलुगू प्राथमिकच्या वर्गांतून सातवी झालेली मुले आठवीला आमच्याकडे यायची आणि जी भाषा पचेल असे आईवडिलांना वाटे त्या माध्यमात बसायची. दोन्ही पाळ्या मिळून पोरे दोन हजारांच्या आसपास. साडेबाराला सकाळची पाळी सुटे आणि दुपारची आत येई. त्या दहा मिनिटांत जिन्यावर जो गलका होई, त्यात किती भाषा आहेत हे मोजायला मी पहिल्याच वर्षी बसले होते. पुढे मोजणे सोडून दिले.

अशी शाळा एका दिवसात जन्मलेली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतून माणसे बाहेर काढायची म्हणून १८९८ साली सुधारणा ट्रस्ट आला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वसाहती पाडल्या. लोक राहायला आले, त्यांच्यामागे शाळा आल्या. पण ज्याने त्याने आपापल्या माणसांसाठी काढलेल्या. मुसलमान मुलांसाठी अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून होतीच. लोकमान्य गेले त्याच्या पुढच्या वर्षी, १९२१ साली, पार्ल्यात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. माटुंग्याच्या दाक्षिणात्य मंडळींनी १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली. फाळणीनंतर चेंबूरच्या छावणीत सिंधी कुटुंबे उतरली, त्यांनीही आपल्या शाळा उभ्या केल्या. या संस्थांनी केलेले काम फार मोठे आहे. त्यांच्या शताब्द्या होतात, स्मरणिका निघतात, संस्थापकांच्या तसबिरी असतात, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. त्यांचा इतिहास लिहायला माणसे आहेत.

ज्याला स्वतःची संस्था काढण्याइतका पैसा किंवा संघटना नव्हती, त्याचे पोर पालिकेच्या शाळेत आले. १९५० साली अंधेरी-कुर्ल्याकडची उपनगरे मुंबईत आली, १९५७ साली हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. गावे आली तशा गावच्या शाळाही आल्या. त्याच सुमारास तुर्भ्याला अणुशक्तीचे केंद्र उभे राहिले, माहूलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पुढे खताचा कारखाना आला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून बायकापोरांसह माणसे निघाली, त्यातली कितीतरी गोवंडी-चेंबूरला येऊन टेकली. पालिकेने यातल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेतली पाटी दिली. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवणारी महापालिका म्हणून आपण आजही अभिमानाने ही गोष्ट सांगतो. अभिमान रास्तच आहे. पण त्या आठ भाषा एका इमारतीत, एका नळावर, एका मुतारीपाशी, एका मैदानावर पन्नास-साठ वर्षे कशा नांदल्या, हे कुठेही लिहिलेले नाही. पालिकेच्या शाळेला तसबीर नसते. तिला नंबर असतो.

मातृभाषेचा हा रकाना निरुपद्रवी दिसतो, पण एकेकाळी त्याने दारे बंद केली होती. ६ जानेवारी १९५४ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांचीच मुले घ्यावीत. म्हणजे रजिस्टरात मातृभाषा मराठी, गुजराती, कोंकणी लागली की प्रवेश नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे चालक न्यायालयात गेले. ज्यांच्या मुलांना दार बंद झाले होते त्यांतले एक पालक भारतीय ख्रिस्ती होते आणि एक गुजराती डॉक्टर. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला सरकारी मदतीच्या शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, हे राज्यघटनेतले वाक्य त्या निकालाने पक्के झाले. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा माझ्या शाळेच्या त्या रकान्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. तिथे लिहिलेला प्रत्येक शब्द, मग तो तेलुगू असो की भोजपुरी, एका पोराला आत घेतल्याची नोंद आहे.

आता आमच्या निम्म्या मुलांच्या वस्तीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय ही शाळा कळत नाही. अणुशक्ती केंद्राच्या कुंपणालगत जनता कॉलनी नावाची वस्ती होती. शहरातून हलवलेल्या माणसांनी ती वसवली होती. तमिळ, तेलुगू, मल्याळी, उर्दू, मराठी अशी सगळी माणसे तिथे एकमेकांना लागून राहत. कोलार गोल्ड फील्ड्सहून आलेला जोकिन अर्पुतम नावाचा एक सुतारकाम करणारा तरुण तिथे राहायला आला. वस्तीतली पोरे दिवसभर उंडारतात हे पाहून त्याने त्यांना संध्याकाळी गोळा करून गाणी म्हणायला लावली, आणि त्या गाण्यांची शाळा झाली. हाताशी ना इमारत होती ना मंजुरी. कचरा उचलला जात नव्हता, तेव्हा त्याने पोरांना सहलीला म्हणून काढले. प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला किलोभर कचरा. तो सगळा पालिकेच्या कचेरीच्या दारात नेऊन ठेवला. त्यानंतर कचरा उचलला जाऊ लागला. जोकिन पुढे झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय नेता झाला, २००० साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. त्याच्या कामाची सुरुवात पोरांच्या वर्गापासून झाली, ही गोष्ट मला एक शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटते.

आणीबाणीत, १७ मे १९७६ रोजी, जनता कॉलनी उठवली. सुमारे सत्तर हजार माणसे. पोलिसांचा मोठा बंदोबस्त लावून त्यांना काही किलोमीटरवरच्या तुर्भ्याच्या खाडीकाठच्या दलदलीत नेऊन सोडले. तोच आजचा चिता कॅम्प. मे महिना होता, शाळांना सुट्टी होती. एप्रिलमध्ये परीक्षा देऊन जी पोरे घरी गेली, त्यांना जून उजाडला तेव्हा ते घरच नव्हते. खाडीच्या चिखलात बांबू रोवून, तट्ट्या उभ्या करून आईबाप राहिले, आणि भर पावसात पोरांना घेऊन शाळा शोधायला निघाले. पुढे त्या पोरांची पोरे माझ्या वर्गात आली. पालकसभेला येणारे बाप सांगायचे की बाई, आम्ही दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधून आणला होता. भांडी गेली, दाखला ठेवला. हे एकाने नव्हे, पाच-सहा जणांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या भाषांच्या मराठीत मला सांगितले आहे.

‘वेगवेगळ्या भाषांची मराठी’ हा शब्दप्रयोग मी जाणून करते आहे, कारण मला माझे मराठी तिथे शिकायला मिळाले. पुण्याकडच्या घरात वाढलेली मी, ‘ळ’ हा आपला हक्काचा वर्ण आहे असे समजत होते. आठवीच्या वर्गात ‘बाळ’, ‘फळ’, ‘शाळा’ म्हणून घेताना उर्दू आणि हिंदी घरातल्या पोरांची जीभ ‘ल’वरच अडायची. मी टाळूवर जीभ कशी टेकायची ते दाखवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची तमिळ घरातली मुलगी उठली आणि शेजारच्या पोराला तिने तिच्या पद्धतीने शिकवले. तिच्या भाषेत ‘ळ’ आहेच. शिवाय त्याच्या जवळपासचा आणखी एक आवाज आहे, जो मला आजवर जमलेला नाही. तेलुगू आणि कन्नड पोरांचेही तसेच. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे ‘च’ मी फळ्यावर समजावत असताना तेलुगू मुलगा म्हणाला, आमच्यात पण असतो हा दातांचा च. त्या वर्षापासून उच्चाराच्या तासाला मी दाक्षिणात्य पोरांना पुढे बसवू लागले.

उर्दू घरच्या पोरांची पाळी वेगळ्या तासाला यायची. अर्जलेखन शिकवताना मी फळ्यावर लिहायची : अर्ज, तारीख, सही, दाखला, हजर, गैरहजर, शिपाई, शिक्का. ती पोरे एकमेकांकडे बघायची, कारण हे सगळे शब्द त्यांच्या घरात होते. मराठी सरकारदरबारी भाषेचा निम्मा कणा फारसी-अरबीचा आहे, हे व्याकरणाच्या पुस्तकात शिकणे वेगळे, आणि दहावीत मराठीत नापास व्हायची भीती असलेल्या पोराच्या चेहऱ्यावर ते कळताना पाहणे वेगळे. ‘पगार’ आणि ‘चावी’ पोर्तुगिजांकडून आले, हे मी सांगितले तेव्हा तमिळ पोरे म्हणाली, आम्हीही चावीला तेच म्हणतो. त्यांच्याकडेही तो शब्द त्याच जहाजातून उतरला होता. ‘तूप’ कन्नडातून आले हे ऐकून गुलबर्ग्याच्या पोराने आठवडाभर वर्गात मान ताठ ठेवली. मराठीचा अभिमान कोणाला शिकवावा लागला नाही, महोदय. या भाषेत आपले काहीतरी आधीपासून ठेवलेले आहे, एवढे दिसले की ती पोरे तिला आपली म्हणू लागायची.

सगळे असे गोड नव्हते, हेही लिहिले पाहिजे. मैदानावर संघ भाषेप्रमाणे पडत. मराठीच्या पोरांनी उर्दूच्या पाळीची बाके तोडली, त्यांनी यांचे फळे पुसले, असे तंटे दर वर्षी होत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शहरात जे घडले त्यानंतर शाळा उघडली तेव्हा दोन्ही पाळ्यांच्या हजेरीपटावर ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. काही पोरे महिन्याभराने आली. काहींचे पालक दाखले घेऊन गेले. कारणाच्या रकान्यात ‘गावी जात आहे’ एवढेच लिहिलेले. कोणत्या गावी, हे त्या रकान्यात लिहायचे नसते. त्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला दोन्ही पाळ्यांची पोरे एकाच केंद्रावर एकाच बसने गेली. तिकिटाचे पैसे आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दिले. आम्हाला त्याहून जास्त काही करता आले नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गांत रात्रभर माणसे होती, कोणत्या पाळीची हे कोणी विचारले नाही. खालच्या मजल्यावरच्या कपाटांत मात्र पाणी शिरले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही रजिस्टरे मैदानात बाकांवर उघडी करून वाळवली, पानांमध्ये टिपकागद घातले. काही पानांवरची निळी शाई पसरून गेलेली होती. त्या पानांवरच्या माणसांचा जन्म कधी झाला, ती कुठून आली, हे सांगणारा दुसरा कागद जगात नसण्याची शक्यता आहे. म्हणूनच मी या वह्यांबद्दल इतकी अडून बसले आहे.

या वह्यांची किंमत सरकारला कळत नाही असे नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सांगितल्या, तेव्हा राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. मोडी वाचणारे शोधून आणले गेले, पानांचे फोटो काढले गेले, लाखो नोंदी सापडल्या. जातीचा रकाना वाचायला एवढी यंत्रणा काही महिन्यांत उभी राहू शकते. ज्यांना त्यातून न्याय मिळणार असेल त्यांना जरूर मिळो. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याच पानावर, दोन बोटे उजवीकडे, मातृभाषा, जन्मस्थळ आणि शाळा सोडल्याचे कारण असे तीन रकाने आहेत आणि ते वाचायला आजवर एकही समिती बसलेली नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. ते अडीच महिने अख्खा महाराष्ट्र शाळेतल्या भाषांबद्दल बोलत होता. मी पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादण्याच्या विरोधात होते आणि आहे. मराठी प्रत्येक शाळेत शिकवलीच पाहिजे, हा २०२० चा कायदाही मला मान्य आहे. मी आयुष्यभर तेच केले. पण त्या सगळ्या गदारोळात, ज्या शाळांमध्ये सहा-सात भाषांची पोरे रोज एका जिन्यावर चढतात-उतरतात, त्या शाळांच्या अनुभवाला कोणीही साक्षीला बोलावल्याचे माझ्या वाचनात आले नाही. कोणत्या वयात दुसरी भाषा पोराला सोसते, कुठे अडते, घरची भाषा शाळेत मुळीच नसली की पोर सातवीनंतर का गळते, याची उत्तरे अंदाजाने द्यायची गरज नव्हती. साठ वर्षांच्या प्रवेशाच्या आणि गळतीच्या नोंदी आपल्याच कपाटांत होत्या.

आता त्या कपाटांचे काय होते आहे, तिकडे येते. इंग्रजी माध्यमाकडे ओढा आहे आणि त्याबद्दल मी एकाही आईला दोष देणार नाही. जिने स्वतः चार घरची भांडी घासली तिला आपले पोर काउंटरच्या पलीकडे बसलेले हवे असते. मुंबई पब्लिक स्कूल नावाने पालिकेने नव्या शाळा सुरू केल्या, त्यांना पालक रांगा लावतात, हे चांगलेच आहे. पण इतर माध्यमांचे वर्ग ओस पडतात, एका माध्यमाची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होते, तिचा नंबर जातो, पाटी उतरते. जुन्या इमारती धोकादायक ठरतात आणि पाडल्या जातात. नवी इमारत हवीच. गळक्या छताखाली पोरे बसवा असे कोण म्हणेल? पण इमारत पाडताना सामान हलते, आणि सामान हलताना सर्वांत आधी हरवते ते बंद झालेल्या माध्यमाचे कपाट, कारण ते मागायला कोणी मुख्याध्यापक उरलेला नसतो. एखाद्या बंद झालेल्या तमिळ किंवा कन्नड शाळेच्या रजिस्टरात कोण आहे? गटारे बांधणारे, रस्ते खोदणारे, गिरणीत आणि गोदीत राबणारे यांची पोरे. त्या माणसांबद्दल दुसरीकडे कुठे काही लिहिलेले मिळायचे नाही.

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती खर्चाच्या मानाने फार लहान आहे.

विलीन झालेल्या आणि बंद पडलेल्या प्रत्येक माध्यमाच्या शाळेची जनरल रजिस्टरे सध्या कोणाच्या ताब्यात आहेत याची एक यादी आधी करावी. वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी महिनाभर मनावर घेतले तर ती होईल. मग त्या वह्यांचे स्कॅनिंग करावे, सुरुवात पाणी तुंबणाऱ्या सखल भागांतल्या शाळांपासून. मूळ वह्या जिथे ओल पोहोचणार नाही अशा जागी, शक्यतो राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या सल्ल्याने ठेवाव्यात. मुंबईचे ते अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत दोनशे वर्षांपूर्वीचे कागद जपून आहे. त्यांना हे काम येते. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा कायदाही आहे, त्यामुळे नवा अधिकार मागायचीही गरज नाही.

यात एक काळजी घ्यायला हवी आणि ती मी ठासून सांगते. नावे आणि जाती उघड करू नयेत. जिवंत माणसाची जात, त्याच्या वर्तणुकीचा शेरा, तो कोणत्या इयत्तेत नापास झाला, हे कोणाच्याही मोबाइलवर जाता कामा नये. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी त्या ओळींपासून फार लांबचा प्रवास केला आहे. इतिहासासाठी नाव लागत नाही. वर्ष, मातृभाषा, जन्मस्थळ, आधीची शाळा, सोडल्याचे कारण एवढे रकाने नावाविना संशोधकांना आणि शाळांना खुले करता येतील. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आपल्या शेजारीच आहे. हे काम कसे करावे हे विचारायला फार लांब जावे लागणार नाही.

आणि नव्या इमारती उठतील तेव्हा दारात एक दगडी पाटी लावावी. उद्घाटन करणाऱ्याचे नाव तिच्यावर असतेच, ते असू द्या. त्याखाली या जागी पूर्वी कोणकोणत्या माध्यमांच्या शाळा कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत भरत होत्या, ते त्या-त्या लिपीत लिहावे. तमिळ शाळेचे नाव तमिळमध्ये, उर्दूचे उर्दूत, कन्नडचे कन्नडमध्ये, आणि सगळ्यांचे मराठीत. कोणा आजोबाला नातवाचा हात धरून त्या पाटीवर बोट ठेवता आले पाहिजे. आज त्याची शाळा होती हे सिद्ध करायला त्याच्याजवळ फक्त तो जुना दाखला आहे, चार घड्या पडून फाटत आलेला.

नववीच्या पोरांना दर वर्षी प्रकल्प द्यावा लागतो. धरणे आणि प्रदूषण यांवरचे तेच ते प्रकल्प मी तपासले आहेत, कात्रणे चिकटवलेले. त्याऐवजी आपल्या शाळेत पहिल्यांदा आलेल्या शेजारच्या आजीला, काकाला, वस्तीतल्या रिक्षावाल्याला चार प्रश्न विचारून, तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत लिहून आणायला सांगावे. मराठीच्या तासाला त्याचे मराठी करावे. एका शाळेत पाच वर्षे हे केले तर त्या वस्तीचा ग्रंथ तयार होईल, आणि पोरांचे मराठीही सुधारेल. हे मी बत्तीस वर्षांच्या अनुभवाने, जबाबदारीने सांगते.

मी आता सत्तरीच्या घरात आहे. माझ्याबरोबर शिकवणारे उर्दूचे सर गेले, तेलुगू प्राथमिकच्या बाई गावी परतल्या. त्या शाळेचे काय-काय आठवते ते आम्ही तिघांनी बसून लिहायचे ठरवले होते, ते राहून गेले. या कामाला माझा काही उपयोग होणार असेल तर मी बिनापगारी यायला तयार आहे. जुनी अक्षरे मला लागतात, आणि कोणत्या मुख्याध्यापकांचे अक्षर कोणत्या साली बदलले तेही मला ओळखता येते. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक वॉर्डात सापडतील. एक परिपत्रक काढून बोलावलेत तर येतील.

जूनच्या मध्याला नवे वर्ष सुरू होईल, खोल्या रिकाम्या करायच्या म्हणून कपाटे हलतील. त्याआधी, मे महिन्याच्या सुट्टीतच, बंद माध्यमांची ती कपाटे उघडून आत काय आहे याची यादी करण्याचे आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
उपनगरातली एक निवृत्त मराठी शिक्षिका